पेपर ऐकणारी मावशी

खोली दाखवायच्या आधी तिनं मला अंगणात उभं केलं आणि हातात एक वर्तमानपत्र दिलं.

“वाच.”

“मावशी, मी बी.ए. आहे,” मी म्हणालो. अमरावतीच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो आणि ही दोन अक्षरं सांगायची संधी मी सोडत नसे.

“ते नाही इचारलं. मोठ्यानं वाचता येते का? जेवढं लिवलं तेवढंच वाचशीन? मधात आपल्या मनचं त नाही घालशीन?”

मी वाचलं. कुठल्याशा मंत्र्याच्या भाषणाची बातमी होती. ती ओट्यावर बसून सुपातली तूर निवडत होती. बातमी संपल्यावर तिचा हात थांबला.

“हे कोनं आयकलं?”

“म्हणजे?”

“मंत्री असं बोलला म्हनते. मंग हा लिवनारा तथी होता, का मंत्र्यानंच लिवून धाडलं?”

मला ते सांगता येईना. तसं मी कबूल केलं. ती उठली आणि कमरेची किल्ली काढत म्हणाली, “पाह्य खोली. तुह्या आधी तिघं येऊन गेले. तिघंबी म्हने, पेपरात आलं म्हंजे खरंच असन. त्यायले नाही देली.”

अकोल्यातल्या एका छोट्या दैनिकात मला नोकरी लागली होती. बातम्या आणायच्या, लिहायच्या, मुद्रितं तपासायची, आणि शिपाई आला नाही तर संपादकांसाठी पानही आणायचं. त्यामुळे रोज वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची तिची अट मला गमतीची वाटली. माझ्या धंद्याचं खरं शिक्षण त्या अंगणात सुरू झालंय, हे कळायला वेळ लागला.

मावशीला अक्षरओळख नव्हती. तिचा नवरा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये फिटर होता, तो वारला होता. ती स्वतःही पुष्कळ वर्षं त्याच जिनमध्ये कापूस निवडायला जात असे. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं बांधलेलं तीन खोल्यांचं घर, एक शेळी, आणि रोजची तीन वर्तमानपत्रं एवढाच तिचा संसार. एक नागपूरचं, एक मुंबईचं, जे दुसऱ्या दिवशी पोचायचं, आणि तिसरं आमचं. शेजारच्या बायका हसत. “बुढीले वाचता येत नाही न पेपर तीन!” मावशी त्यांना म्हणे, “तुमाले येते न वाचता? मंग तुमी काहून एकच घेता?”

सकाळी चहाच्या वेळी मी वाचायचो. प्रत्येक बातमीला तिचा एकच प्रश्न, हे कोनं पाह्यलं? पाहणाऱ्याचं नाव बातमीत असलं, की तो कागद ती घडी करून फडताळात अंथरायला ठेवी. नसलं, की चुलीपुढच्या ढिगात टाकी. या कामात तिनं कधी पक्ष पाहिला नाही. सत्ताधाऱ्यांच्या घोषणा चुलीत गेल्या, विरोधकांच्याही गेल्या. माझ्या बातम्या तर इतक्या गेल्या, की त्या वर्षी मी माझ्याच लिखाणावर उकळलेला चहा प्यायलो असं म्हणायला हरकत नाही.

एकदा शहरात एका पुढाऱ्याची सभा झाली. नागपूरच्या पेपरानं तिला ‘विराट’ म्हटलं, मुंबईच्या पेपरानं लिहिलं, ‘तुरळक उपस्थिती’. मी दोन्ही वाचून दाखवलं आणि विचारलं, “आता बोल.”

“मी गेली होती न,” ती म्हणाली. “मैदान भरलं होतं. पन निम्मे लोक भज्याच्या गाडीभोवती होते. भाषन सुरू झालं तरी हलले नाही. हे दोघायनंबी लिवलं नाही.”

ती सगळ्या पक्षांच्या सभांना जायची आणि पुढच्या रांगेत बसायची. कोणाचाही बिल्ला, कोणाचीही टोपी तिला चालत नसे, पण भाषण सगळ्यांचं ऐकायची. एका पक्षाच्या कार्यकर्त्यानं तिला हटकलं, “मावशी, परवा तू त्याईच्या सभेत दिसली!” ती म्हणाली, “हो. तूबी यायचं होतं. तुह्याबद्दल लय बोलले.”

चौकातल्या हॉटेलात रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांना तिथं माणसं जमत, बोलणं बंद ठेवून, देवळात बसावं तशी ऐकत. मावशीही कधी कधी बाहेरच्या बाकावर बसे. बातम्या संपल्या की उठताना म्हणे, “बोलते चांगला. पन आपलं काही आयकत नाही.” हॉटेलवाल्याला ही रेडिओची तक्रार वाटे. तो त्याचा कान पिळून आवाज वाढवी.

तिचा स्वभाव गोड नव्हता. मी आजारी पडलो तेव्हा तिनं आठ दिवस ज्वारीची पेज करून दिली, आणि आठही दिवस शेजारच्या पोराकडून पेपर वाचून घेऊन मला ऐकवलं, “तुह्यापेक्षा बरा वाचते.” पुढे मी अमरावतीला गेलो. दिवाळीला चांदूर बाजारला घरी जायच्या आधी वाट वाकडी करून अकोल्याला तिच्याकडे उतरायचो. ती वारली तेव्हा मला कळवायला कोणी नव्हतं. महिन्याभरानं गेलो तर ओट्यावर दुसरीच माणसं बसलेली होती. तिचे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून ती एक गोष्ट इथे नीट सांगतो, जिच्यासाठी ते आभार होते.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. एका दुपारी कचेरीत पांढरीशुभ्र टोपी घातलेला एक प्रचारक आला. अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यात आपल्या उमेदवाराच्या जीपवर आदल्या संध्याकाळी दगडफेक झाली, असं त्यानं सांगितलं. गावाबाहेर नाला आहे, नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे, तिथल्या लोकांनी दगड मारले. मी विचारलं, “कोणी जखमी?” तो म्हणाला, “देवाची कृपा.” मी लिहून घेतलं. दगडफेक हा शब्द त्याचा होता. ‘पूर्वनियोजित हल्ला’ आणि ‘समाजकंटक’ हे शब्द मी घातले. असे शब्द आमच्याकडे छपाईच्या खिळ्यांच्या खणात जणू जुळवूनच ठेवलेले असत. बातमी पहिल्या पानावर आली.

सकाळी मी ती जरा आवाज चढवूनच वाचली.

“हे कोनं पाह्यलं?”

“विश्वसनीय सूत्रांकडून समजतं, मावशी.”

“सूत्र म्हंजे कोन? त्याले मायबापानं नाव नाही ठेवलं?”

मी प्रचारकाचं नाव सांगितलं.

“म्हंजे जीपवाल्याचाच मानूस. अन् तू गेलता तथी?”

“नाही.”

तिनं तो कागद चुलीपुढच्या ढिगात टाकला. चार दिवसांनी दुसरी बातमी आली. त्या वस्तीतल्या तिघांना पोलिसांनी पकडलं होतं. मला सुटल्यासारखं झालं. मी म्हणालो, “बघ मावशी, पकडलंसुद्धा. म्हणजे खरंच होतं.”

“पोलिसायले कोनं सांगतलं?”

मी पेपराची घडी घालू लागलो.

“तुह्या पेपरानं सांगतलं असन. पोलीस म्हनते, पेपरात आलं म्हनून धरलं. तू म्हनतं, पोलिसानं धरलं म्हनून खरं. दोघंबी एकमेकायच्या खांद्यावर हात ठेवून उभे. मंग जमिनीवर पाय कोनाचा हाये?” तिनं सूप बाजूला ठेवलं. “उद्या तुले सुटी हाये न? सकाळची गाडी पकडू.”

अकोटला गाडी बदलून आम्ही गेलो. पुढे दोन कोस पायी. आठवड्याभरापूर्वी अवकाळी पाऊस झाला होता आणि नाल्याच्या उतारावर काळ्या मातीत चाकांचे खोल चर वाळून तसेच राहिले होते. चरांत धोंडे रुतलेले होते, अर्धे मातीत, अर्धे वर. मावशी तिथं वाकून बराच वेळ पाहत राहिली. मला ते दगडफेकीचे दगड वाटले.

वस्तीत पुरुष माणसं फारशी दिसली नाहीत. पकडलेल्या तिघांपैकी एकाचं नाव किसन. चौथी शिकलेला, संध्याकाळी विहारात लोकांना पेपर वाचून दाखवणारा आणि मतदारांच्या चिठ्ठ्या लिहून देणारा. प्रचारकाच्या उमेदवाराला या वस्तीची मतं मिळणार नव्हती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. किसनची बायको शेवंता दारात बसली होती. मावशीनं आपण अकोल्याहून आल्याचं सांगितलं आणि दगडांचं विचारलं. मी कोण ते सांगितलं नाही.

“दगड त नेले आमी,” शेवंता म्हणाली. “डोक्यावर नेले, माय. जीप नाल्यात फसली होती. डायवर बोंबलून राहिला, दगड आना, चाकाखाली घालाले. आमच्या मानसायनं दगड घातले, जीप ढकलली, सारे चिखलानं भरले. साहेब खाली उतरलेबी नाही, बसूनच होते. निघून गेल्यावर चवथ्या दिवशी जमादार आला न पेपर दाखवला.”

“मग तुम्ही सांगितलं नाही?” मी विचारलं.

“सांगतलं न. जमादार म्हने, छापून आलं हाये. आता पाटील कामावर येऊ देत नाही. म्हनते, तुमचे लोक पेपरात आले.”

ती आत गेली. पत्र्याच्या पेटीतून तिनं तो अंक काढून आणला. घडी नीट केलेली होती. माझी बातमी वर आली होती.

“माय, तुमी शहरातले. एक इचारू? हे समाजकंटक म्हंजे काय? मास्तरले इचारलं त ते बोललेच नाही.”

मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं उत्तर माझ्यावर सोडलं होतं.

मी म्हणालो, “बाई, ते मी लिहिलं.”

शेवंता माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, “तुमी होते काय तथी?”

“नाही.”

“माह्या मालकानं तुमचं काही केलं होतं काय?”

“नाही.”

“मंग काहून लिवलं, भाऊ?”

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरच कारण विचारत होती. काहीतरी कारण असणार, शिकलेला माणूस उगीच लिहिणार नाही, अशी तिची समजूत होती. थोड्या वेळानं तिनं आम्हा दोघांपुढे पाणी ठेवलं. माझ्या घरी त्या वस्तीतलं पाणी कोणी पीत नसे. मी प्यालो, पण त्यात मोठेपणा वाटावा असं माझ्याजवळ काही शिल्लक नव्हतं.

परतताना अंजनगावच्या स्टँडजवळच्या हॉटेलात मावशीनं त्या जीपचा ड्रायव्हर शोधून काढला. चार जणांना विचारलं, पाचव्यानं बोट दाखवलं. ड्रायव्हर आधी उडवाउडवी करू लागला. मग बशीतल्या चहाकडे पाहत म्हणाला, “दगड मीच मांगतले, बाई. त्या लोकायनं मले वाचवलं. पन माह्यं नाव सांगू नका, नोकरी जाईन.”

“नोकरी दुसरी भेटते,” मावशी म्हणाली. “ज्यायनं तुही जीप काढली ते आत हायेत. तू भायेर चहा पिऊन राहिला.”

त्यानं बशी खाली ठेवली. आम्ही गाडीत बसलो. अकोट सोडल्यावर मी विचारलं, “मावशी, तू एवढं कशाला करतेस? तुझा काय संबंध?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आमच्या जिनमधी आग लागली होती. मशीनची ठिनगी उडाली न कापूस पेटला. त्यातच गेला तो. दुसऱ्या दिवशी शेजारनीनं पेपर वाचून दाखवला. लिवलं होतं, कामगाराच्या बिडीमुयं आग लागली.” ती थांबली. “त्यानं उभ्या जन्मात बिडी वढली नाही. वासबी सहन नव्हता होत. पन छापून आलं. माह्या सख्ख्या देरानं मले इचारलं, वयनी, भाऊ कधीपासून वढत होता? मेल्यावर त्याले बिडी वढाले लावली पेपरवाल्यायनं. मले वाचता येत नाही, मी काय करू? तवापासून पेपर घेते. म्हटलं, पाहू त खरं, हे लिवते कसं.”

आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी कचेरीत जाऊन संपादकांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. डोकं धरून बसले. म्हणाले, “चौथ्या पानावर दोन ओळींचा खुलासा टाकू.” मी ‘बरं’ म्हणालो. घरी येऊन मावशीला हे सांगितलं, तशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सकाळी माझ्याबरोबर कचेरीत आली. छापखाना तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिला. यंत्राकडे तिनं जरा वेळ कौतुकानं बघितलं, मग सरळ संपादकांपुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, लोक तुमचा पेपर पयल्या पानापासून वाचते का चवथ्यापासून?”

संपादक म्हणाले, “बाई, पेपर चालवावा लागतो. निवडणुकीचे दिवस आहेत.”

“चालवा न. कोन नाही म्हनते? पन निवडनूक हाये म्हनून त ते तिघं आत हायेत. ते आतच राह्यले त त्यायचं मत कोन टाकन, तुमी?”

संपादकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. नंतर माझ्याकडे बघून म्हणाले, “लिही. नावानिशी लिही.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या मथळ्याखाली बातमी आली. मी तिथे नव्हतो, मी ऐकीव गोष्ट लिहिली, समाजकंटक हा शब्द माझा होता, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव. त्याच दिवशी आम्ही तालुक्याच्या कचेरीत जाऊन मॅजिस्ट्रेटपुढे हेच लिहून दिलं. मावशी मागच्या बाकावर बसली होती. माझी सही होत होती तेवढ्यात दारातून तो ड्रायव्हर आत आला. आमच्याकडे न बघता तो पुढे गेला आणि आपलं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं ठणठणीत आवाजात सांगितलं. दोन दिवसांनी तिघं सुटले.

पुढे सगळंच चांगलं झालं असं नाही. ड्रायव्हरची नोकरी गेली, पण त्याला अकोटला एका ट्रकवर काम मिळालं. पांढऱ्या टोपीवाला कचेरीत येऊन संपादकांवर ओरडला. ते पान चघळत त्याचं ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “छापलं ते छापलं.” आणि ज्याची जीप नाल्यात फसली होती तो उमेदवार निवडून आला. मी मावशीला हा निकाल वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, “लोकायनं देला न निवडून? मंग झालं. पाच वर्सं पाहू.”

निकालाआधी, त्या खेड्यातल्या मतदानाच्या दिवशी मी बातमीसाठी तिथे गेलो होतो, आणि मावशीही हट्टानं बरोबर आली. शाळेसमोर दोन रांगा होत्या. शेवंता बायकांच्या रांगेत पुढे होती, हिरवं लुगडं नेसून. मावशी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली, तशी रांगेतल्या बायकांनी तिलाही पुढे सरकवायला सुरुवात केली. “नाही व, माह्यं मत अकोल्यात हाये,” म्हणत ती हसायला लागली. तिला तसं खळखळून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

किसनला मी तोवर भेटलो नव्हतो. शाळेतून तो बाहेर आला तेव्हा शेवंतानं बोट दाखवून त्याला सांगितलं, हाच तो. उंच, सावळा माणूस. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी काय बोलावं ते आठ दिवस मनाशी जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीही आठवेना. हातात वही आणि पेन्सिल होती. घाबरून मी धंद्यातलाच प्रश्न विचारून बसलो.

“कुणाला दिलं मत?”

किसननं शाई लागलेलं बोट एकदा पाहिलं, मग माझ्या वहीकडे पाहिलं. आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “तेवढं एक आमचं आमच्याजवय राहू द्या.”

सगळे हसले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चला, भाकर खाऊ. घरच्यायनं तुमच्यासाठी केली हाये.”

मी वही मिटून खिशात घातली आणि त्याच्यामागून वस्तीकडे चालू लागलो.